रेड कार्डात मेंदू आहे का? हार्डवेअर रेड आणि सॉफ्टवेअर रेड ओळखण्याची रीत

रेड म्हणजे अनेक डिस्क मिळून एक डिस्क बनवण्याची पद्धत. तिच्यासाठीच्या कार्डाच्या खोक्यावर ‘रेड ०, १, ५, १०’ असे छापलेले असते. संगणक सुरू होताना काळ्या पडद्यावर कार्डाचा स्वतःचा मेनू येतो आणि त्यात चार डिस्क निवडून त्यांचा ॲरे, म्हणजे एकत्र बांधलेला गट, बनवताही येतो. एवढे पाहिल्यावर हे हार्डवेअर रेड कार्ड आहे असे कुणालाही वाटेल. पण यातली एकही खूण पुरावा म्हणून धरता येत नाही. रेडचे काम करणारी चिपच ज्यांच्यावर नाही, अशा कार्डांतही हे सगळे जसेच्या तसे असते. त्यांचे काम संगणकाचा मुख्य प्रोसेसर ड्रायव्हरच्या मदतीने उरकत असतो. गाडी सुरळीत चालली आहे तोवर फरक जाणवत नाही. डिस्क मेली, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकायची वेळ आली किंवा ऐन लिहिताना वीज गेली, की मग तो कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

म्हणून हा फरक कार्ड विकत घेण्याआधीच, निदान त्यावर कामाचा डेटा ठेवण्याआधी तरी ओळखता यायला हवा. ते अवघड नाही. एकच प्रश्न सतत विचारत राहायचा: अनेक डिस्कची मिळून एक डिस्क कोण बनवतो, कार्ड की ऑपरेटिंग सिस्टिममधला ड्रायव्हर?

आधी थोडे गणित

रेड ही कल्पना या नावाने मांडली गेली १९८८ साली. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी दाखवून दिले, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधता येतात आणि जादाची माहिती साठवून त्यांतली एखादी मेली तरी डेटा वाचवता येतो.

रेड ० मध्ये डेटाचे तुकडे करून ते डिस्कवर आळीपाळीने टाकतात. सुरक्षितता शून्य. रेड १ मध्ये तोच डेटा दोन डिस्कवर लिहितात, यालाच मिरर म्हणतात. रेड १० म्हणजे या दोन्हींची जोड. या तिन्हींत गणित जवळजवळ नाहीच. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर जाणार एवढा हिशेब ठेवला की झाले.

खरे काम सुरू होते रेड ५ आणि रेड ६ मध्ये. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये प्रत्येक पट्ट्यात, म्हणजे सगळ्या डिस्कवरच्या एकेक तुकड्याच्या ओळीत, तीन तुकडे डेटाचे असतात आणि चौथा पॅरिटीचा. पॅरिटी काढतात ‘एक्सॉर’ या क्रियेने: बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. समजा तीन तुकडे १०१, ०११ आणि ११० आहेत. पहिल्या दोघांचे एक्सॉर ११०, त्याचे तिसऱ्याशी एक्सॉर ०००. ही झाली पॅरिटी. आता मधली डिस्क मेली. उरलेल्या १०१, ११० आणि ००० यांचे एक्सॉर करा, ०११ परत मिळते. रेड ६ मध्ये याशिवाय आणखी एक, जास्त किचकट, बेरीज ठेवतात, त्यामुळे एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तरी चालते.

रेड ५ वर लहानसा बदल लिहायचा झाला तरी चार कामे करावी लागतात. जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. फिरत्या डिस्कवर हे फार हळू चालते. हार्डवेअर कार्डाची सगळी मातब्बरी इथे दिसते, पण तिचे कारण बहुतेकांना वाटते ते नाही. एक्सॉर करणे आजच्या प्रोसेसरला अगदी हलके काम आहे. लिनक्स सुरू होताना याची चाचणी घेतो आणि आकडा सेकंदाला कित्येक गीगाबाइट येतो. कार्डावरची एक-दीड गीगाहर्ट्‌झची चिप त्याच्यापुढे कधीच टिकणार नाही. कार्डाला वेग येतो तो त्याच्या कॅशमुळे, म्हणजे त्यावरच्या तात्पुरत्या मेमरीमुळे. कार्डावरच्या मेमरीत डेटा पोहोचला की कार्ड ‘लिहिले’ असे सांगून मोकळे होते आणि डिस्कवर मांडणी सावकाश, सोयीने करते. वीज गेली तरी त्या मेमरीतले काही हरवू नये यासाठी बॅटरी असते. तेव्हा मेमरी आणि बॅटरी या दोन गोष्टी लक्षात ठेवा, त्या पुढे पुन्हा येणार आहेत.

कार्डांच्या जाती

पहिली जात खऱ्या हार्डवेअर कार्डांची. यांच्यावर रेडचे फर्मवेअर, म्हणजे कार्डातच साठवलेला प्रोग्रॅम, चालवणारी चिप असते, म्हणजे अख्खा छोटा संगणकच. एलएसआय कंपनीच्या एसएएस२१०८ चिपमध्ये ८०० मेगाहर्ट्‌झचा पॉवरपीसी प्रोसेसर आहे, एसएएस२२०८ मध्ये तसेच दोन गाभे (कोअर) आहेत आणि एसएएस३१०८ मध्ये ते १.२ गीगाहर्ट्‌झवर चालतात. त्यांच्यासोबत ५१२ मेगाबाइट ते काही गीगाबाइट मेमरी असते. अरेकाच्या आणि इतर काहींच्या जुन्या कार्डांवर इंटेलचे आयओपी३३३, आयओपी३४१, आयओपी३४८ हे प्रोसेसर सापडतात. या कार्डांच्या मागे आठ डिस्क असल्या तरी ऑपरेटिंग सिस्टिमला एकच दिसते.

दुसरी जात ‘फेकरेड’ म्हणून ओळखली जाते. नाव बोचरे आहे पण नेमके आहे. कार्डावर असते ती डिस्क जोडायच्या साटा किंवा आयडीई पोर्टांची साधी चिप आणि सोबत, संगणक सुरू होताना चालणाऱ्या कोडाची, एक बायोस चिप. त्या बायोस चिपमध्ये मेनू असतो, आणि ॲरेवरून संगणक बूट करता यावा एवढाच कोड असतो. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाली की हा कोड बाजूला होतो आणि पुढचे सगळे ड्रायव्हर करतो. सिलिकॉन इमेजच्या ३११४ आणि ३१३२, जेमायक्रॉनची जेएमबी३६३, प्रॉमिसची फास्टट्रॅक मालिका ही याची प्रसिद्ध उदाहरणे. मदरबोर्डवर मिळणारे इंटेलचे रॅपिड स्टोरेज, एएमडीचे रेडएक्स्पर्ट आणि पूर्वीचे एनव्हिडिया एनफोर्सवरचे रेड यांचीही जात हीच.

रेड म्हणून विकल्या जाणाऱ्या या कार्डांत आणि साध्या कार्डांत किती कमी अंतर असते, याचा एक जुना दाखला आहे. प्रॉमिसचे अल्ट्रा६६ हे साधे आयडीई कार्ड होते आणि फास्टट्रॅक६६ हे महाग रेड कार्ड. हौशी लोकांनी अल्ट्रा६६ वर एक छोटा रेझिस्टर डागला, फास्टट्रॅकचा बायोस चढवला, आणि साधे कार्ड रेड कार्ड म्हणून चालू लागले. गणित करणारी वेगळी चिप महागड्या कार्डावरही नव्हतीच.

तिसरी जात मधली आहे आणि वाद सगळे हिच्यावरून होतात. एलएसआयची एसएएस२००८ चिप घ्या. तिच्यात ५३३ मेगाहर्ट्‌झचा पॉवरपीसी आहे, पण कार्डावर कॅश नाही. तिच्यावर ‘आयआर’ फर्मवेअर टाकले तर रेड ०, १ आणि १० कार्ड स्वतः करते आणि सिस्टिमला एकच डिस्क दाखवते. ‘आयटी’ फर्मवेअर टाकले तर रेड पूर्ण बंद, प्रत्येक डिस्क सुटी दिसते. डेलच्या पर्क एच३१० वरही हीच चिप आहे, आणि तिचे फर्मवेअर कॅश नसताना रेड ५ सुद्धा देऊ करते. गणित कार्डावरच होते, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हे हार्डवेअर रेड आहे. पण कॅश नाही आणि आदेशांची रांगही अवघी २५ ची, म्हणून रेड ५ वर लिहिण्याचा वेग फार खाली येतो. अशा कार्डावर मिरर ठेवायला हरकत नाही, पॅरिटी मात्र ठेवू नये. मार्व्हेलची ८८एसई९२३० ही स्वस्त कार्डांवर आढळणारी चिपही फर्मवेअरमध्ये रेड ०, १ आणि १० करते, म्हणून तिला या मधल्या गटात बसवावे.

कार्ड हातात असताना

चालू न करताही बरेच कळते. कार्ड चांगल्या उजेडात धरा आणि मेमरीच्या चिप शोधा. चार, पाच किंवा नऊ सारख्या काळ्या चौकोनी चिप ओळीने बसवलेल्या, किंवा लॅपटॉपच्या रॅमसारखी पट्टी खोचलेली दिसली तर ती कॅश. नऊ किंवा पाच असा विषम आकडा दिसला तर आणखी चांगले, कारण जादाची चिप सहसा मेमरीतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी असते. कार्डावर मोठी चिप एकच आणि बाजूला आठ पायांची बायोसची बारीक चिप एवढेच असेल, तर ते पॅरिटी ठेवण्याजोगे हार्डवेअर कार्ड नाही हे निश्चित समजा.

मग बॅटरी पाहा. चपटी लिथियम बॅटरी कार्डाच्या पाठीवर बसवलेली असते किंवा वायरने जोडलेली असते. नव्या कार्डांवर तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी असते: वीज गेली की कपॅसिटरच्या जोरावर कॅशमधला डेटा फ्लॅशमध्ये उतरतो आणि तिथे हवा तितका काळ राहतो. नुसती बॅटरी कॅश जिवंत ठेवते ती साधारण दोन-तीन दिवस. बॅटरी जोडलेली नसली तरी तिच्यासाठीचा कनेक्टर आहे का ते बघा. फेकरेड कार्डावर तो असण्याचे कारणच नाही.

हीटसिंक ही बरी खूण आहे, पण एकटीवर विसंबू नका. खऱ्या रेड चिप भरपूर तापतात आणि त्यांचे उत्पादक मिनिटाला २०० फूट वेगाने वारा मागतात. त्यामुळे हीटसिंक मोठा असतो. पण आयटी फर्मवेअरवर चालणाऱ्या, रेड न करणाऱ्या कार्डांवरही तितकाच मोठा हीटसिंक असतो. सॉकेटचेही तसेच. हार्डवेअर कार्ड बहुधा आठ लेनच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेचे असते आणि त्यावर एका कनेक्टरमधून चार डिस्क जोडणारे मिनीसास असतात. एक लेनचे कार्ड आणि त्यावर दोन-चार सुटे साटा पोर्ट असा थाट असेल तर हार्डवेअर रेडची आशा जवळजवळ सोडावी. उलट बाजूने मात्र हा नियम लागू पडत नाही. आठ लेन आणि मिनीसास आहे म्हणून रेड असेलच असे नाही.

शेवटी मुख्य चिपवरचा क्रमांक वाचा. हीटसिंक चिकटवलेला असेल तर तो उपटू नका, कार्डाच्या स्टिकरवरच्या मॉडेलवरून चिप शोधता येते. सगळ्यांत भरवशाची ओळ तीच.

नावावर जाऊ नका

कंपन्या एकच नाव दोन्ही जातींना लावतात. हायपॉइंटच्या रॉकेटरेड मालिकेत ३५२० आणि ४३२० यांच्यावर इंटेलचे आयओपी प्रोसेसर आहेत, तर २७२० मध्ये रेडचे काम ड्रायव्हर करतो. नाव दोन्हींवर रॉकेटरेड. डेलच्या पर्क नावातले पहिले अक्षर पाहायला शिका. एच७००, एच७१०, एच७३० ही हार्डवेअर कार्डे. एस१००, एस१३०, एस१४० ही सॉफ्टवेअर. एचपीच्या स्मार्ट ॲरेत ‘पी’ ने सुरू होणारी, जसे पी४१०, हार्डवेअर. बी११०आय, बी१२०आय, बी१४०आय ही सॉफ्टवेअर. अडॅप्टेकने निदान ‘होस्टरेड’ असे वेगळे नाव ठेवले होते. होस्ट म्हणजे तुमचा संगणक, काम तोच करणार.

इंटेलचे व्हीरॉक तर आणखी फसवे. एनव्हीएमई, म्हणजे थेट पीसीआय एक्स्प्रेसवर चालणाऱ्या वेगवान, डिस्कचे रेड करण्यासाठी त्यात मदरबोर्डवर एक छोटी किल्ली खोचावी लागते. ती वस्तू हातात आल्यावर ‘हे हार्डवेअरच’ असे वाटते. ती किल्ली केवळ परवाना आहे. रेडचे काम प्रोसेसरच करतो.

माहितीपत्रक वाचताना ‘प्रोसेसर’, ‘कॅश’ आणि ‘बॅटरी बॅकअप’ या तीन गोष्टींचे आकड्यांसह उल्लेख शोधा. ‘१ गीगाबाइट डीडीआर३ कॅश’ असे नेमके लिहिले असेल तर प्रश्न मिटला. फक्त ‘हार्डवेअर रेडला समर्थ’, ‘रेड इंजिन’, ‘जलद रेड’ असे मोघम शब्द असतील आणि मेमरीचा आकडा कुठेच नसेल, तर तो आकडा नाहीच असे धरून चाला. ‘ड्रायव्हर आधारित’ किंवा ‘होस्ट आधारित’ हे शब्द सापडले तर कंपनीने खरे सांगितले आहे.

चालवून पाहण्याची कसोटी

सगळ्यांत पक्की कसोटी लिनक्सवर होते, कारण तिथे फेकरेडचा खास ड्रायव्हर सहसा नसतो आणि पडद्याआडचे चित्र उघडे पडते. रिकाम्या, डेटा नसलेल्या दोन डिस्क घ्या. त्या कार्डाला जोडा आणि कार्डाच्या मेनूत त्यांचा रेड १ बनवा. ही पायरी गाळू नका. ॲरे बनवलेला नसेल तर हार्डवेअर कार्डही काही वेळा डिस्क सुट्या दाखवते आणि निष्कर्ष चुकतो. मग कुठलाही लिनक्स पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, सुरू करा आणि टर्मिनल उघडा.

‘एलएसबीएलके’ (lsblk) ही आज्ञा द्या. डिस्क दोन आणि प्रत्येकीचा आकार पूर्ण, असे दिसले तर ते फेकरेड. एकच डिस्क दिसली आणि तिचे मॉडेल डिस्क कंपनीचे नसून कार्डाचे, म्हणजे ‘पर्क एच७३०’ असे काही असेल, तर कार्डाने खरोखर दोघींची एक केली आहे.

इथे दोन खाचखळगे आहेत. इंटेलचा ॲरे असेल तर नवे लिनक्स तो आपणहून ओळखते आणि दोन्ही डिस्कखाली ‘एमडी१२६’ अशा नावाचे एक उपकरण जोडते. म्हणजे एकत्र केलेले काहीतरी दिसते, पण करणारा लिनक्सच. खालच्या दोन्ही डिस्क यादीत आहेत ना, हे पाहा. ‘डीएमरेड’ हा जुना प्रोग्रॅम वापरला तर ॲरेचे नाव ‘आयएसडब्ल्यू’, ‘पीडीसी’, ‘सिल’, ‘जेमायक्रॉन’ अशा अक्षरांनी सुरू होते. ती अनुक्रमे इंटेल, प्रॉमिस, सिलिकॉन इमेज आणि जेमायक्रॉनची खूण. दुसरा खळगा असा, की मदरबोर्डवर इंटेलचा रेड मोड चालू असेल तर काही संगणकांत एनव्हीएमई डिस्क लिनक्सला अजिबात दिसत नाही. डिस्क गायब झाली म्हणजे कार्डाने ती आत घेतली असे नाही. कर्नलच्या संदेशांत तसे स्पष्ट येते आणि बायोसमध्ये एएचसीआय, म्हणजे रेड नसलेला साधा, मोड करा असा सल्लाही असतो.

आता ‘एलएसपीसीआय’ चालवा, ‘एनएन’ आणि ‘के’ हे पर्याय जोडून (lspci -nnk). प्रत्येक उपकरणापुढे चिपचे नाव, वर्गाचा क्रमांक आणि वापरात असलेला ड्रायव्हर दिसतो. पुष्कळ जण वर्गाकडे पाहून थांबतात: ०१०४ म्हणजे ‘रेड बस कंट्रोलर’, झाले काम! पण इंटेलचे मदरबोर्डवरचे फेकरेडसुद्धा रेड मोडमध्ये ०१०४ असेच सांगते. पाहायचे ते ड्रायव्हरचे नाव. ‘मेगारेड_एसएएस’, ‘एएसीरेड’, ‘एचपीएसए’, ‘स्मार्टपीक्यूआय’, ‘आर्कएमएसआर’, ‘३डब्ल्यू-९एक्सएक्सएक्स’ हे हार्डवेअर रेड कार्डांचे ड्रायव्हर. ‘एएचसीआय’, ‘साटा_सिल’, ‘साटा_सिल२४’, ‘साटा_एनव्ही’, ‘साटा_प्रॉमिस’ आले तर चिप साध्या पोर्टांची आहे. ‘एमपीटी२एसएएस’ किंवा ‘एमपीटी३एसएएस’ आला तर वर सांगितलेली मधली जात. आयआर की आयटी, ते फर्मवेअरवर ठरेल. (मार्व्हेल ९२३० इथे अपवाद ठरते: ड्रायव्हर एएचसीआय, तरी ॲरे एकच डिस्क म्हणून दिसतो. अशा वेळी पहिल्या कसोटीचा निकाल खरा मानावा.)

पडताळणीसाठी ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) ही आज्ञा वापरा. पहिल्या डिस्कची माहिती सरळ मागितल्यावर तिचा अनुक्रमांक आणि तापमान लगेच आले, तर मधे कुणी नाही. हार्डवेअर कार्डामागची डिस्क अशी बोलत नाही. तिच्यासाठी ‘डी’ पर्यायापुढे ‘मेगारेड,०’ (-d megaraid,0), ‘३वेअर,०’, ‘अरेका,१’ किंवा ‘सीसीआयएसएस,०’ असे लिहून कार्डाला मध्यस्थी करायला सांगावे लागते.

विंडोजवर ही पारख फसते. फेकरेडचा ड्रायव्हर बसला की डिस्क व्यवस्थापनात एकच डिस्क दिसते, हार्डवेअर कार्डासारखीच. इन्स्टॉल करताना ड्रायव्हर मागितला यावरूनही काही सिद्ध होत नाही, हार्डवेअर कार्डही तो मागू शकते.

आणखी एक कसोटी, ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय होणारी. रेड १ मधली एक डिस्क काढून तिच्या जागी रिकामी लावा आणि कार्डाच्या मेनूतच थांबा. हार्डवेअर कार्ड तिथेच पुनर्बांधणी सुरू करते आणि टक्केवारी वाढताना दिसते. इंटेलचा मेनू मात्र स्वतःच सांगतो, की पुनर्बांधणी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गेल्यावर होईल. एवढ्या एका वाक्यात सगळा फरक आला.

फेकरेडमध्ये बिघडते काय

साधा वेगाचा मुद्दा असता तर फेकरेडबद्दल इतके बजावून सांगण्याची गरज नव्हती. मिररसाठी त्याचा वेग पुरेसा असतो. धोका वेगळा आहे. ॲरेची ओळख डिस्कच्या शेवटच्या भागात लिहिलेली असते आणि ती समजणारा ड्रायव्हर नसेल तर दोन्ही डिस्क सुट्या, वापरायला मोकळ्या दिसतात. दुरुस्तीच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला आणि एकाच डिस्कवर काही लिहिले, तर मिररच्या दोन बाजू वेगळ्या झाल्या. पुढच्या वेळी ॲरे सुरू होईल तेव्हा दोन्हीकडून वाचन होईल, कधी जुना तुकडा, कधी नवा. फाइल व्यवस्था अशी हळूहळू कुजते आणि मिरर ‘ठीक’ असल्याचेच सांगत राहतो.

जुन्या चिपसाठी नव्या विंडोजचे ड्रायव्हर निघत नाहीत, हा दुसरा त्रास. आभासी संगणक चालवणाऱ्या ईएसएक्सआयला तर बहुतेक फेकरेड समजत नाही, तिथे डिस्क सुट्याच दिसतात. रेड ५ असेल तर त्यात ‘राइट होल’ची भर पडते. नवा डेटा लिहिला गेला, पॅरिटी लिहायची बाकी आहे, आणि तेवढ्यात वीज गेली. आता त्या पट्ट्याची पॅरिटी खोटी आहे. कुणाला कळत नाही, कारण रोजच्या वाचनात पॅरिटी लागत नाही. काही महिन्यांनी एक डिस्क मरते, खोट्या पॅरिटीवरून तिचा तुकडा काढला जातो आणि हाती कचरा येतो. वाईट हे, की तो तुकडा वीज गेली तेव्हा लिहिला जात होता असेही नाही, शेजारची सर्वस्वी वेगळी फाइल बळी पडू शकते.

लिनक्सचे एमडी, झेडएफएस किंवा विंडोजचे स्टोरेज स्पेसेस ही सॉफ्टवेअर रेड आहेत आणि तसे उघड सांगतात. त्यांना फेकरेडच्या पंक्तीला बसवणे चूक ठरेल. एमडीचा ॲरे लिनक्स असलेल्या दुसऱ्या कुठल्याही संगणकावर, कुठल्याही पोर्टांना जोडून उघडता येतो. झेडएफएस जुन्या जागेवर लिहितच नाही, म्हणून राइट होलचा प्रश्न त्याला पडत नाही. मॉनिटरिंग, दुरुस्ती, नोंदी सगळे समोर असते. फेकरेड कार्ड आधीच हाती असेल आणि लिनक्स वापरायचे असेल, तर कार्डाचे रेड बंद करून त्याचे पोर्ट तेवढे वापरावेत आणि रेड एमडीवर सोपवावे. ड्युअल बूटसाठी दोन्ही सिस्टिमना एकच इंटेल ॲरे हवा असेल तर गोष्ट वेगळी. लिनक्सच्या एमडीला तो वाचता येतो.

हार्डवेअर कार्ड घेतले तर

त्याचीही देखभाल असते, आणि ती टाळली तर फेकरेडपेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. बॅटरी मेली की शहाणे कार्ड आपोआप ‘राइट थ्रू’ पद्धतीवर जाते, म्हणजे डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबते. अचानक लिहिण्याचा वेग घसरला तर आधी बॅटरीची स्थिती तपासा. जुन्या बॅटऱ्या ठरावीक काळाने स्वतःला रिकामे करून पुन्हा भरतात, त्या काही तासांतही असेच होते, त्याची चिंता नको. वेग परत मिळावा म्हणून बॅटरीशिवाय ‘राइट बॅक’, म्हणजे कॅशमध्ये पोहोचताच ‘लिहिले’ असे सांगण्याची पद्धत, सक्तीने चालू करण्याची सेटिंग असते. ती लावू नका. वीज गेली त्या क्षणी कॅशमधले सगळे जाते, आणि सिस्टिमला तर ते केव्हाच ‘लिहिले’ असे सांगून झालेले असते.

साध्या डेस्कटॉप डिस्क या कार्डांना जोडताना जपा. खराब सेक्टर वाचताना अशी डिस्क मिनिटभरही झगडत राहू शकते. कार्ड तेवढे थांबत नाही, काही सेकंदांत डिस्क मेली असे ठरवून तिला ॲरेबाहेर काढते. रेडसाठीच्या डिस्क ७ सेकंदांत हार मानतात आणि चूक कळवतात, मग कार्ड तो तुकडा पॅरिटीवरून भरून काढते. काही डेस्कटॉप डिस्कवर ही मुदत स्मार्टसीटीएलने बसवता येते: ‘एससीटीईआरसी’ पर्यायाला ७०,७० (scterc,70,70) अशी किंमत द्यायची, आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. बऱ्याच डिस्क वीज बंद केल्यावर ती विसरतात.

साध्या टॉवरमध्ये कार्ड बसवणार असाल तर हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा पंखा लावा. सर्व्हरमधला जोरदार वारा गृहीत धरून ही कार्डे बनवलेली असतात. वाऱ्याविना ती तापून मधेच गप्प होतात आणि आठही डिस्क एकदम नाहीशा होतात. डिस्क मात्र धडधाकट असतात. काही जुनी पर्क कार्डे घरगुती मदरबोर्डवर लावली की संगणक सुरूच होत नाही. खाचेतल्या बी५ आणि बी६ या दोन टाचण्यांवर अडचण असते, कार्डाच्या त्या दोन पट्ट्यांवर पातळ चिकटपट्टी लावून ती सुटते. वापरलेले कार्ड घेताना एसएएस१०६८ई आणि एसएएस१०७८ या चिपची पिढी टाळा. त्यांना २ टेराबाइटपलीकडची डिस्क पूर्ण दिसत नाही.

झेडएफएस वापरायचे ठरलेच असेल तर त्याच्याखाली हार्डवेअर रेड नको. त्याला प्रत्येक डिस्क थेट हवी असते, चुका शोधणे आणि दुरुस्त करणे ते स्वतः करते. त्यासाठी आयटी फर्मवेअरचे साधे कार्ड घ्यावे, तेच स्वस्तही पडते.

आणि कार्डच मेले तर? एलएसआयच्या मेगारेड कुळातली कार्डे ॲरेची रचना डिस्कवरही लिहून ठेवतात. त्याच कुळातले, तितकेच नवे किंवा त्याहून नवे कार्ड लावले, की मेनूत ‘परकी रचना’ सापडल्याचा संदेश येतो. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचे. शेजारीच ‘क्लिअर’ असते आणि ते निवडले तर रचना पुसली जाते, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ दोनदा वाचा. दुसऱ्या कंपनीचे कार्ड तो ॲरे उघडेल अशी अपेक्षा धरू नका. ज्या सर्व्हरवर हार्डवेअर रेड आहे, तिथे त्याच मॉडेलचे एक जादा कार्ड आधीच कपाटात ठेवलेले असावे, आणि त्याचे फर्मवेअर चालू कार्डाच्याच आवृत्तीचे करून ठेवलेले असावे.